दहा फुटांच्या गाठीला बांधलेलं यंत्र

दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं झाली होती आणि बाळाराम डाव्या हाताने भाकरी खात होता.

आम्ही धरणाच्या भिंतीवर, गेटच्या खोलीच्या सावलीत बसलो होतो. माझ्या मांडीवर वही होती. सात वर्षं मी या माणसाला जेवताना पाहत आले होते. तो डाव्या हाताने कधी जेवत नसे.

"बाळाराम, हाताला काय झालं?"

"काय नाय बाय. पहार मारताना खांदा लचकला आसंल."

"खाली असताना दुखला?"

"नाय, खाली काय नव्हतं. वर आल्यावर, कपडे बदलले, त्याच्यानंतर. आता ठणकतोय."

मी वही मिटली. लचक भरते ती काम करताना. काम आटोपून, अंग कोरडं करून, तासाभराने जे दुखायला लागतं ते वेगळं असतं. आमच्या धंद्यात त्या दुखण्याला सगळे घाबरतात.

तेवढ्यात फाटक साहेब जीपमधून उतरले. "चला, चार वाजता तिसरी खेप. आज जाळी मोकळी करून देतो असं मी इंजिनिअरला सांगून आलोय. मशीन काय म्हणतंय?"

"मशीन बरं म्हनतंय साहेब," बाळाराम म्हणाला. "थांबा नाय."

हे सगळं काय होतं ते आधी सांगते. तुम्ही दोघं मला "आजी पूर्वी ऑफिसात होती" एवढंच ओळखता.

बी. ए. झाल्यावर मी शॉर्टहँड आणि टायपिंग शिकले. तुमच्या आजोबांची रेल्वेतली बदली कर्जतला झाली, तेव्हा तिथल्याच एका लहान कंपनीत लागले. दोन खोल्या, एक जीप, टाक्यांत हवा भरायचा एक कॉम्प्रेसर आणि आठ माणसं, एवढीच कंपनी. मालक फाटक साहेब. काम पाण्याखालचं. कर्जत आणि खालापूरच्या डोंगरांच्या पायथ्याला धरणं आहेत, बोगदे आहेत, कारखान्यांच्या पंपांच्या खोल विहिरी आहेत. पाणी जिथून आत जातं तिथे लोखंडी जाळी असते. पावसाळ्यात वाहून आलेली झाडं त्या जाळीत अडकतात, गेट बसत नाही. मग आमचा डायव्हर पाठीवर हवेच्या टाक्या बांधून खाली जायचा आणि करवत, पहार, साखळी लावून ते झाड सोडवायचा.

मी पत्रं टाइप करायला लागले होते. पहिल्याच वर्षी साहेबांच्या लक्षात आलं की माझ्या वहीत खाडाखोड नसते आणि माझं घड्याळ मागे पडत नाही. ते म्हणाले, "बाई, तुम्हीच चला काठावर. ही माणसं वेळ बघायला विसरतात." तेव्हापासून मी काठावर गेले. लोक बघायला जमत. नऊवारीतल्या बाया मला विचारत, "तुमी पन बुडता का काय?"

काठावरचं काम असं असतं. भिंतीवरून एक जाड दोर तळापर्यंत सोडलेला असतो. दर दहा फुटांवर गाठ. डायव्हर दोरीला हिसके देऊन कुठल्या गाठीपाशी आहे ते कळवायचा; ती गाठ आणि तिथे किती मिनिटं झाली हे लिहायचं. मग टेबल बघायचं. टेबल म्हणजे छापील तक्ता. अमुक खोलीवर अमुक मिनिटं झाली तर वर येताना कुठे आणि किती वेळ थांबायचं हे त्यात दिलेलं असतं. त्या थांबण्याला आम्ही थांबाच म्हणत असू. आमचा थांबा बहुतेक वेळा वरून पहिल्या, म्हणजे दहा फुटांच्या गाठीवर असायचा. तिथे मी एक लाल फडकं बांधलं होतं. बाळाराम त्या गाठीला धरून लोंबकळत राहायचा आणि मी दोरीला तीन हिसके दिले की वर यायचा.

थांबा का लागतो? खोल पाण्यात दाब फार असतो. त्या दाबाखाली घेतलेल्या हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत मुरतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो. भसकन वर आला तर गोटी सोड्याची बाटली फोडल्यावर होतं तसं अंगात होतं. बुडबुडे धरतात. खांद्यात, गुडघ्यात धरले तर दुखतं. पाठीच्या कण्यात धरले तर माणूस कमरेखाली लुळा पडतो, कधी कधी कायमचा. ज्याचं पोट अंगमेहनतीवर चालतं त्याच्यासाठी ते मरणाएवढंच.

टेबलात एक अडचण असते. डायव्हर पाच मिनिटं तळाशी आणि चाळीस मिनिटं मध्यावर असला, तरी टेबल सगळी पंचेचाळीस मिनिटं तळाचीच धरतं. म्हणून ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परदेशात डायव्हिंग कॉम्प्युटर निघाले. कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या टेबलावरचा नव्हे. साबणाच्या दोन वड्या एकावर एक ठेवल्या तर होईल एवढा काळा डबा, वर काचेची पट्टी. तो दर काही सेकंदांनी पाण्याचा दाब मोजतो, अंगात किती नायट्रोजन मुरला असेल याचा हिशेब करतो आणि अजून किती मिनिटं राहता येईल ते आकड्यांत दाखवतो. थांबा लागणार असेल तर तेही दाखवतो.

साहेबांच्या मेव्हण्याने तसा एक आणून दिला. आमच्या भागात तसं यंत्र कुणी पाहिलेलं नव्हतं. सोबत इंग्रजी पुस्तिका होती. साहेबांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"बाई, आठ दिवस घ्या. वाचा आणि बाळारामला शिकवा."

"आणि टेबल?"

"आता कशाला टेबल? त्यासाठीच तर हे आणलं. मशीन स्वतःच लक्षात ठेवतं."

मी ती पुस्तिका दोनदा वाचली. लागेल तेवढ्याचं मराठी करून फुलस्केपच्या चार कागदांवर काढलं. ऑफिसच्या मागे विहीर होती. आम्ही यंत्र बादलीत घालून दोरीने तिच्यात सोडायचो, वर काढायचो, आकडे बघायचो. बाळारामला हसू यायचं. तो खालापूरजवळच्या एका गावातला भातशेतकरी. लहानपणापासून विहिरीत पडलेल्या घागरी बुडी मारून काढून देत असे. त्यातूनच तो या कामाला लागला.

"बाय, आमी विहिरीतनं घागरी काढायचो. तुमी यंत्र बुडवताय."

"हसू नका. हा आकडा काय सांगतो?"

"किती खोल."

"आणि हा?"

"किती मिनिटं र्‍हायली."

त्याला मराठी आकडे येत होते, इंग्रजी येत नव्हते. ते त्याने तीन संध्याकाळी घोटून घेतले. चौथ्या दिवशी मी यंत्र पुढे धरलं की तो माझ्याआधी वाचायचा. शिकवणारीला आणखी काय हवं? मी खूश होते.

पुस्तिकेच्या दुसऱ्याच पानावर एक वाक्य होतं. यंत्र सर्व वेळ डायव्हरच्या अंगावरच असलं पाहिजे. ते मी वाचलं आणि माझ्या चार कागदांत घेतलं नाही. मनगटावरचं घड्याळ मनगटावर असतं, हे कुणाला सांगावं लागतं का?

त्याऐवजी मी दुसरंच सांगितलं. साहेबांनी मला तीन वेळा बजावलं होतं की काच फुटली तर इथे दुरुस्त होणार नाही, दुसरं मिळणार नाही. मी ते बाळारामला बजावलं. ऊन लावायचं नाही. आपटायचं नाही. वर आल्यावर ओल्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवायचं. शेवटी म्हणाले, "बाळाराम, लेकरासारखं जपा याला."

"जपतो बाय," तो म्हणाला.

पहिले दोन दिवस नुसत्या पाहणीचे होते. बाळाराम यंत्र दंडाला बांधून खाली गेला, जाळी बघून आला. मी सवयीने टेबलही उघडलं. यंत्राची खोली आणि माझ्या गाठी जुळत होत्या. यंत्र टेबलापेक्षा जास्त वेळ देत होतं, पण ते तसंच द्यायचं असतं हे मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी माझ्या हातातलं टेबल काढून घेतलं आणि हसत पिशवीत टाकलं.

"विश्वास ठेवायला शिका बाई."

तिसऱ्या दिवशी खरं काम होतं. सत्तर फुटांवर एक मोठं खोड जाळीत आडवं अडकलं होतं. सकाळी बाळाराम पंचेचाळीस मिनिटं खाली राहिला. पावणेदोन तासांनी टाक्या बदलून पुन्हा गेला, पन्नास मिनिटं राहिला. दोन्ही वेळा सरळ वर आला. दोन्ही वेळा मी विचारलं, "काय म्हणतंय?" आणि त्याने ओल्या फडक्यात यंत्र गुंडाळता गुंडाळता सांगितलं, "थांबा नाय."

मी तसं लिहिलं. सात वर्षांत माझ्या वहीत पहिल्यांदा ऐकीव आकडा गेला. मला मनात खटकलं होतं हे खोटं कशाला सांगू? सत्तर फूट, आधी पंचेचाळीस आणि मग पन्नास. मला टेबल जवळजवळ पाठ होतं. पण आदल्या दिवशीचं साहेबांचं वाक्य कानात होतं, आणि नवीन गोष्टीला अडून बसणारी बाई म्हणून मला ओळखलं जायचं नव्हतं.

आता तीन वाजून दहा मिनिटांवर परत येऊ.

मी उठले, पेटी उघडली, फडकं सोडलं आणि यंत्राची कळ दाबली. आजची सर्वांत जास्त खोली, अकरा फूट.

"साहेब, हे बघा."

साहेबांनी डोळ्यांजवळ धरलं. "अकरा? बिघडलं वाटतं."

"बाळाराम, खाली असताना हे कुठे होतं?"

तो गोंधळला. "दोरीला."

"कुठल्या दोरीला?"

"आपल्याच. लाल फडक्याच्या गाठीला बांधलं होतं. जाताना बांधायचो, येताना सोडून आनायचो."

"का?"

"का म्हंजे? तिकडं पहार चालते, साखळी चालते. एक फटका बसला तर काच र्‍हाईल का? तुमीच बोललात ना, लेकरासारखं जपा. लेकराला कोन आसं लोखंडात घेऊन जातो?"

त्याच्या बोलण्यात चूक काढायला जागा नव्हती. यंत्राने दिवसभर दहा फुटांवर लोंबकळणाऱ्या दोरीच्या गाठीचा हिशेब केला होता. गाठीला थांब्याची गरज नव्हती.

मी पिशवीतून टेबल काढलं. दुसऱ्या खेपेनंतर बाळारामने त्या लाल गाठीवर वीस मिनिटांहून जास्त थांबायला हवं होतं. तो एक मिनिटही थांबला नव्हता.

"साहेब, बुडबुडे धरलेत."

साहेबांचा चेहरा उतरला. ते वाईट माणूस नव्हते. पण संकट आलं की त्यांना लगेच काहीतरी करून टाकायचं असे.

"जीपमध्ये घाला. पुण्याला माझा मित्र आहे, मोठं हॉस्पिटल आहे त्याचं. घाट चढलो की दीड तासात पोचू."

"घाट चढायचा नाही."

"काय?"

"वर गेलं की हवेचा दाब कमी होतो साहेब. बुडबुडे फुगतात. हे पुस्तिकेत आहे. डोंगर चढायचा नाही, विमानात बसायचं नाही."

"अहो, दोन हजार फुटांचा तर घाट!"

"तेवढा पुरतो."

दोर धरणारा चंदर तोपर्यंत उभा राहिला होता. तो बाळारामच्याच गावचा, वयाने मोठा. "परत पान्यात सोडा त्याला," तो म्हणाला. "आमी आदी आसंच करायचो. खाली नेला की दुखायचं थांबतं."

हेही खोटं नव्हतं. खाली नेलं की दाबाने बुडबुडे आक्रसतात, दुखणं थांबतं. पण मग तासन्‌तास खाली ठेवावं लागतं. आमच्याकडे दोन भरलेल्या टाक्या होत्या, पाणी गार होतं, आणि पाण्यात त्याचे पाय गेले असते तर त्याला वर कोण आणणार होतं?

"चंदरदादा, नाही," मी म्हणाले.

तेवढ्यात बाळाराम म्हणाला, "बाय, पायाला मुंग्या येतात. दोनी पायांना." तो शांतपणे सांगत होता. त्याला खांद्याचं माहीत होतं. पायांचं म्हणजे काय हे मला त्याच्याहून जास्त माहीत होतं.

दाब पुन्हा वाढवून मग तो हळूहळू उतरवायचा, असा लोखंडी डबा असतो. त्यात माणसाला झोपवतात. तेव्हा आमच्या माहितीचा जवळचा डबा मुंबईत बंदराकडे होता. त्याचा नंबर माझ्या वहीच्या पहिल्या पानावर होता. धरणाच्या चौकीतून मी ट्रंक कॉल लावला. अर्ध्या तासाने लागला. मी इंग्रजीत खोली आणि मिनिटं सांगितली. पलीकडच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाय हलतात का? आणि तुम्ही डोंगराच्या खाली आहात की वर?

"खाली," मी म्हणाले.

"तिथून चढू नका. आडवा ठेवा. ऑक्सिजन मिळाला तर द्या. या."

साहेबांनी ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. जीप स्वतः चालवायला बसले. हमरस्त्यावर आलो तिथे एक फाटा घाटाकडे जातो आणि एक पनवेलकडे. साहेबांनी एकदा घाटाकडे पाहिलं आणि जीप पनवेलकडे वळवली. वाटेतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यातून ऑक्सिजनचा सिलिंडर मागून घेतला. मागच्या बाजूला बाळाराम आडवा, त्याचं डोकं चंदरच्या मांडीवर, मास्क मी धरलेला.

पनवेलच्या अलीकडे त्याने मास्क बाजूला केला.

"चंदरदादा, माझे पाय हायत का बग."

"हायत रं. बूट पन हायत."

"मला कळत नाय."

"तू बोलू नको. बाय रागावतील."

चंदर हसायचा प्रयत्न करत होता. एका हाताने तो बाळारामचा पाय दाबून बघत होता, पुन्हा पुन्हा, आणि बाळारामला त्याचा पत्ता नव्हता.

बंदरावर डॉक्टर दारातच उभे होते. साहेबांनी कॉम्प्युटर पुढे केला. डॉक्टरांनी तो कौतुकाने उलटसुलट करून पाहिला. त्यांनीही तो पहिल्यांदाच पाहिला असावा. "अकरा फूट?" ते म्हणाले.

"डॉक्टर, आकडा बरोबर आहे, पण यांचा नाही," मी म्हणाले आणि वही दिली. खाली उतरल्याची वेळ, वर आल्याची वेळ, गाठी. ऐकीव थांबा सोडला तर बाकीचं सगळं मी स्वतः मोजून लिहिलं होतं. डॉक्टरांनी त्या पानावरून किती दाब आणि किती तास ते ठरवलं आणि बाळारामला डब्यात घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला भेटायला सोडलं. त्याने आमच्यादेखत उजव्या पायाचा अंगठा हलवला. डावा हलायला आणखी दोन दिवस आणि डब्यातल्या आणखी दोन फेऱ्या लागल्या. दहाव्या दिवशी तो भिंतीला धरून चालला. पाय परत आले. उजवा खांदा पूर्ण परत आला नाही. आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं की या माणसाने पुन्हा डायव्हिंग करायचं नाही.

मी त्याच्या घरी गेले ते त्यानंतर. बाळारामची बायको अंगणात धान पाखडत होती. तिने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं. मग सूप हातात तसंच धरून म्हणाली,

"बाय, एक विचारू? राग धरू नका. तुमी यांना सांगितलंत, यंत्राला लेकरासारखं जपा."

"हो."

"मग यंत्राला काय सांगितलंत? यांना कोन जपनार?"

बाळाराम आतून ओरडला, "गप गं! त्यांनीच तर वाचवला." ती माझ्याकडे बघत राहिली. मी माफ करा असं म्हणाले. ती म्हणाली, "च्या ठेवते," आणि आत गेली.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला रिपोर्ट घ्यायला बोलावलं. धरणाच्या इंजिनिअरना अपघाताचा रिपोर्ट द्यायचा होता. साहेब खिडकीकडे तोंड करून सांगत होते आणि मी शॉर्टहँड घेत होते. खोली, काम, वेळ. मग ते म्हणाले, "डायव्हरने उपकरण दिलेल्या सूचनांप्रमाणे न वापरल्यामुळे."

मी पेन्सिल खाली ठेवली.

"काय झालं?"

"साहेब, त्याने सूचनांप्रमाणेच वापरलं."

"बाई, पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय, अंगावर ठेवा."

"पुस्तिका इंग्रजीत आहे. त्याला मिळाल्या त्या सूचना माझ्या होत्या. त्यात हे वाक्य नाही. त्यात जपून ठेवा असं पाच वेळा आहे. चारही कागद फाइलला आहेत, हवे तर रिपोर्टला जोडा."

"म्हणजे मी काय लिहू? माझ्या स्टेनोची चूक?"

"लिहा. आणि टेबल बंद करण्याची चूक कुणाची तेही लिहा."

मला वाटलं, नोकरी गेली. त्या रिपोर्टवर बाळारामचं पुढचं सगळं अवलंबून होतं. निष्काळजी असा शिक्का बसलेल्या माणसाला त्या धरणाच्या भिंतीवरही कुणी उभं करणार नव्हतं, मग काम पाण्यातलं असो की काठावरचं. आणि खांदा अधू झालेल्या माणसाला भातलावणी तरी कितीशी झेपणार?

शेवटी साहेब म्हणाले, "घ्या. सूचना अपुऱ्या होत्या. टेबलाची पडताळणी माझ्या आदेशाने बंद होती. डायव्हरचा दोष नाही. झालं?"

"झालं."

"टाइप करून आणा. दोन कार्बन घाला."

इंजिनिअरनी साहेबांना बोलावून चांगलं झापलं. त्या वर्षीचं पुढचं काम आम्हाला मिळालं नाही. त्यानंतरचं मिळालं. बाळाराम काठावर दोर धरायला लागला, चंदरच्या शेजारी. पाण्यात दुसरा डायव्हर उतरताना बाळारामचं तोंड बघवत नसे. तो एकदाच म्हणाला, "बाय, वरनं पानी लई उथळ दिसतं."

यंत्र आम्ही टाकून दिलं नाही. ते चांगलं होतं, नंतर अनेक वर्षं चाललं. पण टेबलही पिशवीत गेलं नाही. दोन्ही चालू ठेवायचं आणि दोन्हीत फार फरक पडला तर माणसाला वर घ्यायचं, असा नियम साहेबांनीच लावला. यंत्र डायव्हरच्या दंडाला बाळाराम स्वतः बांधायचा. डाव्या हाताने गाठ मारायचा, दाताने ओढायचा. ती गाठ पाण्याखाली एका हाताने सुटत नसे. नवीन डायव्हर कुरकुरला की म्हणायचा, "काच फुटली तर साहेबांची फुटंल रं. तू गप खाली जा."

मी ते चार कागद फाडून नव्याने लिहिले. या वेळी दोनच झाले. आणि शिकवायची पद्धत बदलली. पूर्वी मी शेवटी विचारायचे, समजलं का? माणसं हो म्हणतात. बाळारामही हो म्हणाला होता आणि त्याला खरोखरच सगळं समजलं होतं. आकडे वाचायला त्याच्याइतकं चोख कुणी शिकलं नाही. नंतर मी विचारायला लागले की काम करताना हे कुठे ठेवाल, दाखवा. एकाने खिशात घातलं. एकाने टाकीच्या पट्ट्याला पाठीमागे अडकवलं, म्हणजे त्याला ते दिसलंच नसतं. एकाने माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "तुमीच ठेवा बाय, माज्याकडून हरवंल."